पुढचे धडे कपाटात आहेत

साहेब, तुम्ही सुताराला आधी आणलंत आणि परीक्षकाला नंतर. हे मी पाहिलं आहे. मला डोळे नाहीत, म्हणून कोणी पाहिलं नाही असं तुम्ही धरून चाललात. तुमचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की तुमच्या जातीचे बाकीचे साहेब खुशाल मोकळे होतात.

मित्रांनो, दचकू नका. हा आवाज लोखंडी कपाटाच्या खालच्या खणातून येतो आहे. टेपरेकॉर्डर आहे मी. जुना, एका स्पीकरचा, हँडल तुटलेला. आतमध्ये अंधार आहे, ओल आहे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. मी घाबरलेलो आहे. घाबरलेल्यानं गोड बोलावं अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबच लांब टेबलावर झाला. बायका ओळीनं बसल्या होत्या. एकीनं मोटर बसवली, पुढचीनं रबरी पट्टा चढवला, तिच्या पुढचीनं हेड बसवली. आम्हाला हेड दोन असतात. एक पुसतं, दुसरं लिहितं आणि वाचतं. लाल बटण दाबलं की टेप आधी पुसणाऱ्या हेडसमोरून जाते. जुना आवाज जातो, मग नवा चढतो. हे मला टेबलावरच कळलं आणि तेव्हापासून मी लाल बटणाला भितो. दुसरी भीती माझ्या पोटातच आहे. पट्टा सैल झाला, रोलरवर धूळ बसली, की टेप गुंडाळली जायची थांबते आणि आत गुंतत जाते. माणसं म्हणतात, "खाल्ली यानं." मला काय ती खाण्याची हौस असते? पण आपल्याच पोटाला भिऊन जगायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

नव्वदच्या आसपास महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून मला नाशिकच्या या संस्थेत आणलं. शालिमार चौकापासून चालत येण्याजोगी दगडी इमारत. पुढे वाचनालय, वर सभागृह, मागे एक लांबट खोली. सुरुवातीला माझा थाट विचारू नका. व्याख्यानमाला आली की मला पुसून टेबलावर ठेवायचे. पाहुणे म्हणायचे, "काय स्वच्छ आवाज पकडतो हो!" कोणाच्या तरी पत्नीनं माझ्यासाठी क्रोशाचं कव्हर विणून दिलं होतं. मग मोठा, दोन स्पीकरचा नवा सेट आला. कव्हर त्याला गेलं. मी मागच्या खोलीत गेलो.

तिथं मला सगुणाबाई भेटल्या.

सगुणाबाई शरणपूर रोडच्या ख्रिस्ती वस्तीत राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या. तरुणपणी धर्मशास्त्र शिकताना त्या ग्रीक शिकल्या होत्या, आणि धर्मशास्त्र संपलं तरी ग्रीक काही त्यांनी सोडली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची, बाजारात आणि नाटकात बोलली गेलेली ग्रीक. त्यांनी संस्थेकडे खोली मागितली आणि दारावर पाटी लावली: प्राचीन ग्रीक वर्ग, सर्वांना खुला.

पहिल्या दिवशी बरीच माणसं आली. एकानं विचारलं, "मॅडम, हे शिकून ओझरला विमानाच्या कारखान्यात चान्स लागतो का?"

सगुणाबाई म्हणाल्या, "नाही. लागला तर मलाही कळवा, मीपण अर्ज करते."

लोक हसले, चहा प्याले आणि गेले. उरले दोघे.

एक ताहेरा. जुन्या नाशिकमधल्या कथड्यातल्या अब्बास हकिमांची मुलगी, बारावी झालेली. अब्बासभाई स्वतः तिला सोडायला आले होते. दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, आमच्या धंद्याचं नावच युनानी. म्हणजे यूनानचा, ग्रीसचा. पाटीवर लिहिलंय, बापजाद्यांपासून चालत आलंय. पण त्या मुलखाची एक ओळ आमच्यातल्या कोणाला वाचता येत नाही. लाज वाटते हो. माझं वय गेलं. पोरीला येऊ द्या."

"पोरीला यावंसं वाटतंय का?" बाईंनी विचारलं.

ताहेरा म्हणाली, "वाटतंय. पण भीती पण वाटतेय."

"मग बस. ज्यांना भीती वाटते तेच टिकतात."

दुसरा मुकुंदा. त्र्यंबकेश्वरचा. घरात पिढ्यानपिढ्या पौरोहित्य, त्यामुळे लहानपणी वेदपाठशाळेत बसलेला. तोंडानं वात्रट. ताहेराला तो "हकिमीणबाई" म्हणायचा आणि ती त्याला "भटजीबुवा". पहिल्या आठवड्यात मुळाक्षरं झाली. सगुणाबाई फळ्यावर गोल काढून मध्ये उभी रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "हा फ. इंग्रजी एफ नव्हे. ओठ मिटा. आपला फुलाचा फ. गोऱ्या लोकांना हा जमता जमत नाही, तुम्हाला आईच्या पोटातून येतो. घ्या त्याचा फायदा." मुकुंदाला तर प्रत्येक पानावर नातेवाईक भेटल्यासारखं व्हायचं. "बाई, विभक्त्या! बाई, द्विवचन! आणि भूतकाळाला पुढे 'ए'? आमच्या संस्कृतात 'अ' लागतो. सख्खी चुलत भावंडं आहेत ही."

त्यानंच एक दिवस काडी टाकली. "बाई, तुम्ही हे पेपर वाचल्यासारखं वाचता. संथा द्या ना."

"संथा म्हणजे कशी?"

"गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. स्वर हलता कामा नये. मग पुस्तक मिटायचं. पुन्हा उघडायचं नाही."

सगुणाबाई हसल्या. "अरे, आमच्या चर्चमध्ये गाणी अशीच शिकवायचे. चल, देऊन बघू."

तेव्हापासून मागच्या खोलीत ग्रीकची संथा सुरू झाली. बाई एक ओळ म्हणणार, दोघं ती दोनदा म्हणणार. वाचनालयातले म्हातारे पेपरावरून मान वर काढून विचारायचे, "आत कसला सप्ताह चाललाय?" मला ते ऐकायला फार आवडायचं. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते. सुखाचे म्हणजे, भीती कमी असलेले.

वर्गाबाहेर सराव करायला आवाज हवा, म्हणून सगुणाबाई मला कापडी पिशवीत घालून रिक्षानं घरी न्यायच्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर धडे रेकॉर्ड करायच्या. आता स्वयंपाकघर म्हटलं की त्यात सगळं आलं. धड्याच्या मध्ये कुकरची शिट्टी. खालून मेथीवाल्याची हाक. आणि बाईंचा खोकला. त्यांना कोरडा खोकला होता, ओळीच्या मध्येच यायचा. खोकून झालं की त्या "हं" म्हणायच्या आणि पुढे सुरू करायच्या. टेप महाग, परत कोण करतंय? तसंच राहू दिलं. कॅसेटच्या मागची खुट्टीही त्यांनी तोडली नव्हती. ती तोडली की त्या कॅसेटवर लाल बटण चालत नाही. त्या म्हणायच्या, "असू दे, चुकलं तर सुधारता येईल." मला मात्र ती शाबूत खुट्टी बघून कापरं भरायचं.

ताहेरा दुपारची येऊन माझ्यासमोर बसायची. कॅसेट सैल झाली तर पेन्सिल घालून हलकेच फिरवायची, रोलर कापसानं पुसायची. तिच्या हातात मला कधी टेप गुंतण्याची भीती वाटली नाही. ती ऐकायची, दोनदा म्हणायची, मागे न्यायची, पुन्हा म्हणायची. असं करता करता तिच्या तोंडात सगुणाबाई जशाच्या तशा उतरल्या. एक दिवस मुकुंदा पोट धरून हसायला लागला.

"अगं, खोकला पण पाठ केलास की!"

खरंच केला होता. ओळीच्या मध्ये बाई जिथं खोकल्या होत्या तिथं ताहेरा थांबत होती, बारीक खोकत होती, "हं" म्हणत होती आणि पुढे जात होती. मेथीवाल्याच्या हाकेपुरती जागाही तिनं मोकळी सोडली होती. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. संथेत शिष्य काही वगळत नाही, तसं झालं होतं.

सगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं बटण बंद केलं. "ताहेरा, कॅसेट पाठ झाली. आता कागदाकडे बघ."

"बाई, कागद बघवत नाही."

"का?"

"पाठ केलेलं असलं की पायाखाली जमीन असते. नवीन उतारा समोर आला की प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि एकही ओळखीचा नसतो. असं वाटतं, कोणीतरी मला बघून हसतंय."

मित्रांनो, ग्रीक शिकणाऱ्याची ही पायरी फार वाईट. नवखेपण संपलेलं असतं, त्यामुळे चुकायची सूट नसते. आणि येत तर काहीच नसतं. बरेच जण इथंच पुस्तक मिटतात. सगुणाबाईंना हे माहीत होतं. त्यांनी पुढचे धडे आधीच रेकॉर्ड करून ठेवले होते. लांब वाक्यांचे, खऱ्या गोष्टींचे. त्या कॅसेटींचा डबा त्यांनी संस्थेच्या कपाटात ठेवला आणि ताहेराला दाखवून म्हणाल्या, "कधीच न पाहिलेला उतारा एक जरी धड वाचलास, की हा डबा तुझा. तोवर हात लावायचा नाही. नाहीतर तू हेही पाठ करशील, आणि जन्मभर माझा खोकला खोकत बसशील."

ताहेराला तो डबा हवा होता. इतका, की येता जाता ती कपाटाच्या दाराला नुसता हात लावायची. पण कागद समोर आला की ती पुन्हा कॅसेटच लावायची.

मग घसरण सुरू झाली. मुकुंदाचे वडील आजारी पडले आणि घरच्या पूजा त्याच्यावर आल्या. जाताना म्हणाला, "हकिमीणबाई, द्विवचन संपलं. आता तू एकवचन." ताहेरा हसली नाही. आणि दोन हजार एकच्या उन्हाळ्यात सगुणाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. सगळं कळायचं, पण तोंडातून एक घोगरा सूर निघायचा, तेवढाच.

अब्बासभाई रोज तेल घेऊन चोळायला जायचे. ताहेरा खाटेशेजारी बसून धडे म्हणायची. चुकली की बाई डाव्या हाताचं बोट खाटेच्या कडेवर आपटायच्या. ती चुकायचीच कमी. पाठच होतं ना सगळं. बाई तिच्याकडे बघत राहायच्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते तिला कळायचं नाही. ती येऊन मला सांगायची. 

त्याच दिवसांतली एक दुपार मी विसरत नाही. लोडशेडिंगमुळे वीज नव्हती. ताहेरानं उन्हात ठेवून तापवलेले जुने सेल माझ्यात घातले आणि बाईंची कॅसेट लावली. सेलमध्ये जीव नव्हता. माझी मोटर अडखळायला लागली. बाईंचा आवाज जाड झाला, खाली खाली गेला, कोणीतरी परका पुरुष विहिरीतून बोलतोय असा झाला आणि ओढत ओढत थांबत चालला. "बाई!" ताहेरा ओरडली आणि तिनं बटण तोडल्यासारखं दाबलं. मग कॅसेट काढून तिनं ती दोन्ही हातांत धरली. मलाही तेव्हाच समजलं. बाईंचा आवाज जगात आता फक्त माझ्या पोटातून येणार होता. आणि माझ्या पोटाचा मला भरवसा नव्हता.

साहेब, संस्थेचे पदाधिकारी म्हणून तुम्ही याच सुमारास खोलीत आलात. आधी कधी आला नव्हता. भिंती ठोकून पाहिल्यात आणि म्हणालात, "एका मुलीसाठी एवढी खोली?"

ताहेरा उभी राहिली. "सर, बाई बऱ्या झाल्या की पुन्हा मुलं येतील."

"बऱ्या झाल्या की बघू. हे बघ, आम्ही काही कोणाच्या विरोधात नाही. पुण्याहून परीक्षक बोलावतो. त्यांनी दिलेला उतारा तू वाचून दाखव. वाचलास तर वर्ग चालू. नाही तर खोली मोकळी करायची. फेअर आहे की नाही?"

"कोणता उतारा, सर?"

"ते मला काय माहीत? न पाहिलेला!"

तुम्ही गेलात. ताहेरानं कॅसेट पहिल्यापासून लावली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सुतार आला. झिपरू त्याचं नाव. कानावर पेन्सिल, हातात मापाची पट्टी. सोबत तुमचा माणूस. "इकडून तिकडं कॉम्प्युटरची टेबलं," तो माणूस म्हणाला. "भिंतीला चिकटून. उद्घाटनाची तारीख ठरलीय." झिपरूनं माप घेतलं. मला उचलून खिडकीत ठेवलं आणि विचारलं, "हे खोकं टाकायचं का?"

"राहू दे उद्यापर्यंत. उद्या एक परीक्षा आहे."

"पास झाली तं?"

"तू परवा लाकूड घेऊन ये," तो माणूस म्हणाला.

हे मला कळलं होतं आणि ताहेराला कळलं नव्हतं. ती संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसून पाठ केलेलंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. बुडणारा माणूस पाण्यालाच मिठी मारतो तशी. मला ओरडून सांगायचं होतं, कॅसेट बंद कर, कागद घे. पण माझ्यात जे भरलं आहे तेवढंच मी बोलू शकतो.

परीक्षेला अब्बासभाईंनी सगुणाबाईंना रिक्षातून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. परीक्षक पुण्याच्या बसनं आले होते, खांद्याला शबनम पिशवी, चष्मा दोरीनं गळ्यात. तुम्ही त्यांच्या शेजारी. मी खिडकीतच होतो. परीक्षकांनी कागद ताहेरासमोर ठेवला आणि म्हणाले, "सावकाश. घाई नाही."

तिनं कागद उचलला. 

पहिली ओळ तिनं पाहिली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. ओळखीची ओळ! "इआत्रॉस तिस हेकेन एइस कोमेन." कोणी एक वैद्य एका गावात आला. सगुणाबाईंच्या धड्याची पहिली ओळ. परीक्षकांनी वर्गात झालेले धडे आधीच मागवून घेतले होते, आणि मुद्दाम ओळखीच्या ओळीनं सुरुवात केली होती. पुढे वाट वळवली होती. ताहेराला वळण दिसलंच नाही. तिला जमीन सापडली होती. ती धावत सुटली. धड्यातला शेतकरी आजारी होता, वैद्यानं त्याला औषध दिलं, शेतकरी उठला, त्यानं वैद्याला बोकड दिला. एका दमात, स्वर न हलवता.

"वा! एकदम फ्लुएंट!" साहेब, हे तुम्ही म्हणालात. मान डोलावलीत.

आणि मग ओळीच्या मध्ये ताहेरा थांबली. बारीक खोकली. "हं," म्हणाली. आणि पुढे गेली.

खोलीत काहीतरी झालं. सगुणाबाईंनी डाव्या हातानं तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येत नाही.

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे, सर."

"मग खोकलात का?"

ताहेरानं बाईंकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. कागदावर बोकड नव्हता. शेतकरीही नव्हता. तिचा चेहरा जसा उजळला तसा उतरला. असली भीती मी फक्त एकदाच ऐकली आहे, सेल संपत आलेल्या त्या दुपारी.  अब्बासभाई दारात होते, ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सगुणाबाईंचं बोट खुर्चीच्या हातावर होतं. आता आपटतील, मला वाटलं. त्यांनी आपटलं नाही. त्यांनी हात मांडीवर घेतला.

"दुसऱ्या ओळीपासून," परीक्षक म्हणाले. "जे आहे तेवढंच."

ताहेरानं कागदावर बोट ठेवलं. "हो दे... इआत्रॉस... औ... औतॉस..." थांबली. परत मागे गेली. "औतॉस. एनोसेइ." ओठ हलले, आवाज नाही. मग मराठीत म्हणाली, "पण तो वैद्य... स्वतःच आजारी होता?"

"मला विचारू नका. मला सांगा."

"वैद्य स्वतःच आजारी होता."

"पुढे."

पुढचा शब्द लांब होता. ती त्याच्यापुढे उभी राहिली, जसं बंद दारापुढे उभं राहावं. "एफो... एफोबून्तो." फुलाचा फ, ओठ मिटून. "पुढे ए आहे, म्हणजे झालेली गोष्ट. शेवटी न्तो, म्हणजे ते लोक. मधलं... मधलं..." तिनं मधल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "सर, याचा अर्थ घाबरणं. गावातले लोक घाबरले होते."

"अडकली बघा," साहेब, तुम्ही म्हणालात. घड्याळ पाहिलंत.

"अडकू द्या," परीक्षक म्हणाले. "आत्ता कुठे वाचायला लागलीय."

उतारा लहानच होता. तिनं तो शेवटपर्यंत नेला. चाचपडत, मागे जात, दोनदा चुकीचं बोलून आपणच दुरुस्त करत. वैद्याला कोणी औषध देईना, तेव्हा गावातल्या एका म्हातारीनं त्याला त्याच्याच पिशवीतलं मूळ उगाळून दिलं, असा काहीसा शेवट होता. तिला तो माहीत नव्हता. तिला तो कागदानं सांगितला. शेवटचा शब्द झाल्यावर ती घामानं भिजली होती. सगुणाबाईंच्या घशातून तो घोगरा सूर निघाला, आणि त्यांनी डावा हात उचलून कपाटाकडे दाखवलं. डब्याकडे. ताहेरा तिथंच रडायला लागली.

परीक्षक उठताना तुम्हाला म्हणाले, "वर्ग बंद करू नका. पाठांतरातून वाचनात येताना मी मुलांना क्वचित बघतो. आज बघितलं."

"हो हो, बघू," तुम्ही म्हणालात, आणि त्यांना बस स्टँडवर सोडायला गाडी दिलीत.

आत आलात आणि ताहेराला सांगितलंत, "प्रोफेसर सौजन्यानं बोलले. तू स्वतःच बघ, सुरुवात छान केलीस, नंतर पार ढेपाळलीस. एका ओळीला एवढा वेळ? याला वाचणं म्हणतात? नापास."

अब्बासभाई म्हणाले, "साहब, जे पाठ होतं ते तिनं धडाधड म्हटलं. जे वाचलं ते हळू वाचलं. आम्ही नाडी पण हळूच बघतो."

"हकीमसाहेब, तुम्ही दवाखाना बघा."

कपाटाची किल्ली तुम्ही खिशात घातलीत, डबा आतच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी झिपरूनं टेबलं ठोकली.

मित्रांनो, आता जे सांगायचं आहे ते सांगताना वीज नसूनही माझी मोटर थरथरते. उद्घाटनाच्या दिवशी दोन स्पीकरचा मोठा सेट बंद पडला. कोणीतरी म्हणालं, "तो जुना आहे की." मला ओढून व्यासपीठाच्या कडेला ठेवलं. कोरी कॅसेट नव्हती. तुम्ही डबा उघडलात, साहेब. पहिली हाताला लागली ती घेतलीत. ताहेराचा पुढचा धडा. तिनं कधीच न ऐकलेला. मागची खुट्टी शाबूत होती. तुमच्या माणसानं लाल बटण दाबलं.

पुसणारं हेड आधी येतं. ते सांगितलंच आहे मी. माझ्या तोंडासमोरून सगुणाबाई गेल्या. त्यांची वाक्यं गेली, कुकरची शिट्टी गेली, "नीट ऐक गं ताहेरा" असं त्या सुरुवातीला म्हणाल्या होत्या, ते गेलं. त्या दिवशी मी देवाजवळ एकच मागितलं. जन्मभर ज्याला भ्यालो तेच मागितलं. टेप गुंतू दे, पट्टा तुटू दे. काही तुटलं नाही. मी उत्तम चाललो. त्यांच्या जागी तुमचं भाषण चढलं. उद्याचा भारत, माहितीचा महामार्ग, आणि टाळ्या.

मग मला आणि डब्याला याच कपाटात कोंबलं आणि कुलूप घातलं. त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. बाहेर कॉम्प्युटरचे पंखे घोंघावतात. माझा रबरी पट्टा चिकट होऊन वितळत चालला आहे, हे मला आतून जाणवतं. कॅसेटींवर पांढरी बुरशी धरते आहे. प्रत्येक पावसाळ्यात एकेका धड्याचा आवाज थोडा थोडा मरतो. किल्ली वाजली की माझा जीव घाबरा होतो. पुन्हा कोणाचं भाषण आहे का?

ताहेरा येते. अजून येते. दवाखान्यात वडिलांना मदत करून दुपारची येते आणि कपाटाच्या दाराशी उभी राहून विचारते. परवाही मी तिचा आवाज ऐकला. "सर, मला मशीन नको. फक्त तेवढा डबा द्या. बाईंनी मला तो दिला होता. मी माझं माझं पुढे वाचीन. आणि बाईंना त्यांचा आवाज ऐकवीन, त्या अजून आहेत."

तुम्ही म्हणालात, "बघू."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी कॅसेट असेल. कोणी गेलेल्याची, कोणी मुक्या झालेल्याची. तिच्या मागची खुट्टी आजच तोडा. कोरड्या जागी ठेवा. मधूनमधून लावा, टेपला फिरणं लागतं. आणि कोणी अडखळत वाचत असेल तर घड्याळ बघू नका. एवढंच मी तुम्हाला सांगू शकतो.

बाकीचं साहेबांशी आहे. साहेब, तिनं न पाहिलेला उतारा वाचला. तुमच्या समोर वाचला. अट पुरी झाली. डब्यात अजून धडे शिल्लक आहेत आणि किल्ली तुमच्या खिशात आहे. "बघू" हे उत्तर नव्हे. डबा देणार आहात की नाही? बोला.